मधली पट्टी

काही माणसं जन्मतःच मधली असतात. मी त्यांपैकी एक. आम्ही तीन भाऊ. थोरल्याला नवे कपडे मिळत, कारण तो थोरला. धाकट्यालाही नवे मिळत, कारण थोरल्याचे कपडे माझ्या अंगावरून त्याच्यापर्यंत पोचेतो त्यांत कापड असं उरलेलंच नसे. शाळेत माझा बाक मधला. पुढं हुशार, मागं टारगट, आणि मास्तरांचं सगळं लक्ष या दोन टोकांवर. मी काय करतो हे दहा वर्षांत कुणी विचारलं नाही. दहावीला मार्क असे पडले, की सायन्सला कमी आणि आर्ट्सला गेलो तर वडिलांच्या मते फुकट. मग कॉमर्स. कॉमर्स करून बँकेत क्लार्क. वर साहेब, खाली शिपाई, मध्ये मी. दोघांचीही कामं करतो, एवढाच काय तो मान.

राहायला वडूज. वडूजचंही कसं आहे पाहा. तहसील कचेरी आमच्याकडं, कोर्ट आमच्याकडं, एस. टी. डेपो आमच्याकडं, आणि तालुक्याचं नाव मात्र खटाव! काम सगळं आपण करायचं आणि नाव दुसऱ्याचं लागायचं, हा क्लार्काचा अनुभव आमच्या अख्ख्या गावाला आहे. त्यामुळं मला इथं करमतं.

तर आपण मधले, हे मी केव्हाच मान्य केलं होतं. त्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती. पण गेल्या वर्षी हे मधलेपण माझ्या कन्येच्या गळ्यात निघालं, आणि मग मात्र मला झोप येईना.

आधी आमच्या घरातल्या आवाजांची माहिती दिली पाहिजे. आमच्या सौ.चा आवाज जरा खालचा. म्हणजे कसा, तर खातेदारांचा फोन घरी आला आणि तिनं 'हॅलो' म्हटलं, की पलीकडून लगेच, "सायेब, आमचं चेकबुक आलं का वो?" ती शांतपणे सांगते, "ते अजून आले नाहीत, संध्याकाळी करा." त्यावर पलीकडचा विचारतो, "मग आपन कोन? थोरलं बंधू का?" उलट माझा आवाज असा, की मी फोन उचलला तर हमखास, "वहिनी, सायबास्नी द्या जरा." सुरुवातीला मी खुलासे करत असे. हल्ली 'हो, देते' म्हणतो आणि मिनिटभर थांबून घसा खाकरून परत बोलतो.

कन्या आठवीत. तिचा आवाज आईच्या वळणावर गेला. लहानपणी कुणाच्या लक्षात आलं नाही. लहान पोरांचे आवाज सगळे सारखेच, आणि ते गात असोत की रडत असोत, आईबापांना सारखेच वाटतात. पण बाराव्या-तेराव्या वर्षी तो आवाज जो भरला, तो खालच्या अंगानं. शेजारच्या काकू हाक ऐकून म्हणायच्या, "कोण, तुमचा पुतण्या आलाय का मुंबईहून?" आम्ही हसायचो. तीही हसायची.

मग जानेवारीत शाळेचं स्नेहसंमेलन आलं. मुलींचं समूहगीत होतं. पेटीवाल्या मास्तरांनी काळी पाच धरली. संगीताशी ज्यांचा संबंध 'वन्स मोअर' ओरडण्यापुरता आहे त्यांच्यासाठी सांगतो. पेटीच्या ज्या पट्टीवर गाणाऱ्यानं आपला सा धरायचा, ती त्याची पट्टी. पुरुष बहुधा पांढरी एक, काळी एक, काळी दोन इथं कुठंतरी गातात. बायका काळी चार, काळी पाच. हा काही कायदा नव्हे, वहिवाट आहे. पण आपल्याकडं कायद्यातून पळवाट निघते, वहिवाटीतून निघत नाही.

कन्येला काळी पाचमध्ये वरचे स्वर पोचेनात. एकदा पोचली, तेव्हा आवाज फाटला. मुली हसल्या. मास्तरांनी तिला मागच्या रांगेत उभं केलं आणि सांगितलं, "तू नुसतं तोंड हलव."

मास्तरांचा मी दोष काढत नाही. पन्नास मुली, एक पेटी, पंधरा दिवस. आमच्याही बँकेत सर्व्हर बंद पडला की खातेदारांना आम्ही काय सांगतो? थोडक्यात, नुसतं तोंड हलवतो. पण संमेलनाच्या रात्री मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. मागच्या रांगेत माझी मुलगी इतकी मनापासून तोंड हलवत होती, की प्रमुख पाहुण्यांनी कार्यक्रमानंतर नेमकं तिलाच जवळ बोलावून, "छान गातेस हं," असं म्हटलं. बक्षीस म्हणून पेनही दिलं. ते पेन तिनं घरी आल्यावर माझ्यापुढं ठेवलं आणि विचारलं, "बाबा, माझा आवाज मुलासारखा आहे?"

आता अशा वेळी बापानं काय बोलावं याचं प्रशिक्षण कुठं मिळत नाही. बँकेनं मला 'ग्राहकाशी सौजन्यानं कसं बोलावं' याच्या दोन शिबिरांना पाठवलं होतं. त्यातलं काही उपयोगी पडेना. मी म्हणालो, "छे छे! मुलासारखा कसला? जरा... भरदार आहे एवढंच." भरदार हा शब्द मिशीला वापरतात हे तोंडातून गेल्यावर लक्षात आलं. स्वयंपाकघरात भाकरी थापण्याचा आवाज चालू होता, तो थांबला. बराच वेळ थांबला. त्या रात्री एक भाकरी करपली, आणि आमच्या घरी भाकरी करपत नाही.

दुसऱ्या दिवसापासून कन्या बारीक आवाज काढून बोलू लागली. चिमणीसारखा. पहिले दोन दिवस आम्हाला गंमत वाटली. तिसऱ्या दिवशी वाटेना. जेवताना 'आमटी वाढ' हे दोन शब्दही ती असे बोलायची, की जणू ते कुणाकडून उसने आणलेत आणि संध्याकाळी परत करायचेत.

हे असं पाच महिने चाललं.

जूनमध्ये आमच्या शाखेत वसईच्या एक मॅडम बदली होऊन आल्या. वसईच्या ख्रिस्ती कुटुंबातल्या. घरात मराठी, आणि लहानपणापासून चर्चच्या गानवृंदात गायलेल्या. वडुजात त्यांना मासळी मिळेना आणि आम्हाला त्यांचं 'गुड मॉर्निंग' पचेना, पण पंधरा दिवसांत जमलं. एक दिवस मी डबा विसरलो. कन्या तो घेऊन आली. कॅश काउंटरवर गर्दी, कुणी तिच्याकडं बघेना. बारीक आवाजात दोनदा हाक मारून झाली. शेवटी भूक तिचीही असावी, कारण तिनं वैतागून आपल्या खऱ्या आवाजात हाक मारली, "बाबा, डबा!" सगळी रांग वळली. मॅडमनी चष्मा काढला. मला म्हणाल्या, "तुमची मुलगी? गाते का? मेझो निघेल ही."

मला वाटलं, काहीतरी कमतरता असणार. हल्ली मुलांत काय काय कमी निघतं. मी विचारलं, "गोळ्या घ्याव्या लागतील का?"

जेवणाच्या सुट्टीत मॅडमनी उलगडून सांगितलं. पाश्चात्त्य गाण्यात बायकांच्या आवाजाच्या ढोबळ तीन जाती. सगळ्यांत वरचा तो सोप्रानो. सगळ्यांत खालचा तो काँट्राल्टो, हा दुर्मीळ. आणि या दोहोंच्या मधला तो मेझो-सोप्रानो. मेझो हा इटालियन शब्द, त्याचा अर्थच मुळी 'मधला'. हे ऐकल्याबरोबर माझ्यातला बी. कॉम. जागा झाला. भागभांडवल आणि कर्ज यांच्या मधल्या भांडवलाला आमच्या पुस्तकात 'मेझनाइन' म्हणत. दुकानात खालचा मजला आणि वरचा मजला यांच्यामध्ये जो पोटमाळा काढतात, तोही मेझनाइन. शब्दाचं घराणं एकच. म्हणजे आमची कन्या आवाजाच्या पोटमाळ्यावर राहत होती, आणि आम्ही तिला गच्चीत जाऊन उभी राहा म्हणून ढकलत होतो.

"पण वर जातो तिचा आवाज," मी म्हणालो, "एकदा गेला होता. नंतर फाटला."

"कुठवर जातो ते बघायचंच नसतं," मॅडम म्हणाल्या. "मेझोसुद्धा चांगली दोन सप्तकं गाते, सोप्रानोच्या वाट्याचे पुष्कळसे स्वर तिलाही लागतात. बघायचं ते हे, की आवाज सुखानं राहतो कुठं. कुठं त्याला वजन आहे, कुठं रंग आहे."

हे मला एकदम पटलं. आमच्याकडं खात्याची पत ठरवताना ३१ मार्चला किती शिल्लक होती हे बघत नाहीत. त्या दिवशी शेजाऱ्याकडून आणूनही कुणी भरतं. बघायची ती वर्षभराची सरासरी शिल्लक. आवाजाचीही सरासरी शिल्लकच बघायची. मास्तर ३१ मार्च बघत होते.

मॅडमनी आणखी एक गोष्ट बजावली. आठवीतल्या मुलीवर आत्ताच शिक्का मारायचा नाही. या वयात मुलींचेही आवाज बदलतात, मुलांइतके धाडकन नाही, पण बदलतात. पक्की जात ठरायला विशी उजाडते, कधी ओलांडते. तोवर एकच पथ्य: ओढून वर न्यायचा नाही, दाबून खाली न्यायचा नाही.

मग मी त्या मेझोबाईंची चौकशी सुरू केली. रोज डबा खाताना एक हप्ता. कळलं ते असं, की तिकडच्या संगीत नाटकांत, म्हणजे ऑपेरात, नायिका बहुधा सोप्रानो. नायकाशी लग्न तिचं, आणि शेवटच्या अंकात मरायचा मानही तिचाच. मेझोच्या वाट्याला नायिकेची आई, दासी, सवत, जादूटोणेवाली म्हातारी. शिवाय पोरगेल्या मुलांची कामं. मोझार्टच्या १७८६ सालच्या 'फिगारोचं लग्न' या ऑपेरात केरुबिनो नावाचा एक वयात आलेला, सगळ्या बायकांच्या प्रेमात पडणारा पोरगा आहे. ते काम बाईच करते, आणि बहुधा ती मेझो असते. म्हणजे 'मुलासारखा आवाज' ही तिकडं नोकरीची पात्रता आहे!

पण सगळंच काही सासू-नणंदेचं नाही. रोसिनीनं १८१६ साली 'सेव्हिलचा न्हावी' लिहिला, त्यातली नायिका रोझिना ही त्यानं खालच्या आवाजाच्या गायिकेसाठी लिहिली. पुढं सोप्रानोंनी ती गाणी वरच्या पट्टीत नेऊन भूमिका बळकावली, आणि बरीच वर्षं लोकांना ते काम सोप्रानोचंच वाटत होतं. विसाव्या शतकात मेझोंनी ते परत मिळवलं. हे ऐकून मला फार बरं वाटलं. शंभर वर्षांनी का होईना, बढती मिळाली. आणि बिझेची १८७५ सालची 'कारमेन'! तिच्यासाठी पुरुष नोकरी सोडतो, घर सोडतो, शेवटी शुद्ध सोडतो. तीही मेझो.

मॅडमना मी विचारलं, तुमच्या गानवृंदात कसं? तर तिथं चार ओळी लिहिलेल्या. बायकांच्या दोन, सोप्रानो आणि आल्टो. पुरुषांच्या दोन, टेनर आणि बास. मधल्या आवाजाला स्वतःची ओळ नाही. वर माणूस कमी असेल तर वर, खाली कमी असेल तर खाली. "म्हणजे डेप्युटेशन!" मी म्हणालो. "डेप्युटेशनच," मॅडम म्हणाल्या, "पण तोंड हलवायला कुणी सांगत नाही. प्रत्येकीला गायला काहीतरी असतंच."

हे शेवटचं वाक्य मी घरी घेऊन गेलो. पण घरी नुसती वाक्यं चालत नाहीत. कन्या म्हणाली, "ते तिकडचं झालं." सौ. काहीच म्हणाली नाही. म्हणून इकडचं काही आहे का ते शोधू लागलो.

एका रात्री मोबाइलवर एक जुनं गाणं लावलं आणि पडदा हातानं झाकून कन्येला विचारलं, "कोण गातंय?" म्हणाली, "कुणीतरी बुवा." हात काढला. पडद्यावर पांढऱ्या केसांच्या, हसऱ्या आजी. गंगूबाई हनगल. १९१३ साली धारवाडला जन्मल्या, २००९ साली हुबळीला गेल्या, मध्ये शहाण्णव वर्षं. पद्मविभूषण. त्यांच्या १९३०च्या सुमाराच्या ध्वनिमुद्रिका ऐकल्या तर आवाज बारीक, उंच, चारचौघींसारखा. मग टॉन्सिल्सचं दुखणं झालं, त्यावर उपचार झाले, आणि आवाज असा खाली उतरला की पुन्हा वर गेला नाही. दुसरी बाई गाणं सोडून बसली असती. गंगूबाईंनी पट्टी खाली घेतली आणि त्या नव्या आवाजात पुढं कित्येक दशकं काढली. आज लोक त्यांना ओळखतात ते त्या दुसऱ्या आवाजानं.

आणि गंमत अशी, की किराणा घराण्यातच त्यांच्याआधी मिरजेत जन्मलेल्या हिराबाई बडोदेकर. आवाज तलम, उंच, रेशमासारखा. एकच घराणं, एकीचा आवाज वरचा, एकीचा खालचा, आणि घराण्याला दोन्ही पोरी प्यारच्या. इतकंच काय, हिराबाईंचे वडील आणि मिरजेला राहिलेले अब्दुल करीम खाँसाहेब यांचा स्वतःचा आवाज पुरुषाच्या मानानं बारीक आणि उंच होता! १९३७ साली ते गेले, अजून लोक मिरजेच्या दर्ग्यात त्यांच्या नावानं गातात. ही माहिती मिळाल्यावर मी फोनवर 'हो, देते' म्हणणं तात्पुरतं बंद केलं.

मग मला आमचे सांगलीकडच्या नागठाण्याचे राजहंस आठवले. नारायणराव, म्हणजे बालगंधर्व. १८८८ ते १९६७. एक पुरुष शालू नेसून, पुरुषाच्या गळ्यानं गात होता, आणि अख्खा महाराष्ट्र म्हणत होता, बाई असावी तर अशी. तेव्हा कुणी म्हटलं नाही, की हा आवाज बाईचा नाही, हिनं तोंड हलवावं. बाप्याचा आवाज बाईला शोभला. मग बाईचा स्वतःचाच आवाज बाईला शोभत नाही, हे गणित कुठल्या खतावणीत बसतं? माझी आजी पहाटे जात्यावर बसून ओव्या म्हणायची. जात्याच्या घरघरीइतकाच खोल आवाज. त्या आवाजावर आम्ही तीन भावंडं परत झोपी जायचो. तिची पट्टी कुठली, हे विचारायला तिथं पेटीच नव्हती.

आश्विनात आम्ही तिघं औंधाला गेलो. औंध आमच्याच तालुक्यातलं. अंतुबुवा जोशांनी आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ १९४० साली तिथं संगीत उत्सव सुरू केला. पुढं त्यांचे चिरंजीव गजाननबुवा यांनी तो चालवला, अजून दर वर्षी होतो. मी वडिलांबरोबर लहानपणी जायचो आणि यमाईच्या डोंगराच्या गार वाऱ्यात पहिल्या आलापालाच झोपायचो. या खेपेला जागा राहिलो, आणि आजवर जे झोपेत निसटलं होतं ते दिसलं.

गाणारा येतो, बसतो, आणि आधी तंबोरे लावत बसतो. दहा-दहा मिनिटं. मला पूर्वी वाटायचं, हे घरून लावून का आणत नाहीत? या वेळी बघितलं, की प्रत्येकजण आधीच्याचा सा उतरवतो किंवा चढवतो, आणि आपला सा लावतो. तेच व्यासपीठ, पण सा ज्याचा त्याचा. मग डोक्यात प्रकाश पडला. तिकडं ऑपेरात स्वर कागदावर छापलेले. जो सुराच्या मापात बसेल त्यानं ते गायचं, म्हणून तिकडं आवाजांच्या जाती पाडाव्या लागल्या. आपल्याकडं माप आधी नाहीच. माणूस आधी, सा त्याच्यामागून. जगातली केवढी मोठी मोकळीक आपल्या हातात! आणि आपण ती काळी पाचला दावं लावून बांधली.

मी शेजारी पाहिलं. कन्या तंबोऱ्याकडं बघत होती. सौ. डोळे मिटून बसली होती. मला वाटलं, झोपली. घराण्याची सवय लागली. पण तिचा एक हात मांडीवर ताल धरत होता, आणि तो बरोबर समेवर पडत होता. सतरा वर्षांच्या संसारात मला हे माहीत नव्हतं.

खरं तर अर्धवट माहीत होतं. मी तिला बघायला गेलो तेव्हा तिची मावशी म्हणाली होती, "आमची गाते हं." त्यावर ती खाली मान घालून म्हणाली होती, "गात होते. सोडलं." मी पुढं काही विचारलं नाही. खातं बंद करायच्या अर्जावर कारणाचा रकाना असतो. तो कुणी भरत नाही आणि आम्ही विचारत नाही. पासबुक जमा करून घेतो.

दिवाळीचा बोनस झाला आणि आम्ही मायणी, विटा, तासगाव करत मिरजेला गेलो. तलवारींना पाणी देणाऱ्या शिकलगारांनी दीडशेवर वर्षांपूर्वी तिथं तंतुवाद्यं बनवायला घेतली. तलवारी संपल्या, तंबोरे राहिले. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला सरकारचं भौगोलिक मानांकनही मिळालं. दुकानात शिरलो तर छताला भोपळेच भोपळे. म्हातारे कारागीर बसले होते. मी आत शिरल्या-शिरल्या ग्राहकाच्या रुबाबात म्हणालो, "मुलीसाठी तंबोरा पाहिजे. लहानसा. जनानी."

"बसा साहेब," ते म्हणाले. माझ्याकडं दुर्लक्ष करून कन्येला विचारलं, "बेटा, कुठनं आलात?"

"वडूजहून," कन्या चिमणीच्या आवाजात म्हणाली.

ते हसले. "हा पाव्हण्यांसमोरचा आवाज झाला. एस. टी. सुटायला लागली आणि आई खालीच राहिली, तर हाक कशी मारशील?"

कन्येनं आईकडं बघितलं. मग खरंच हाक मारली. "आई!" भोपळे घुमले. म्हाताऱ्यांनी मान हलवली, मागचा एक मोठा तंबोरा ओढला, खुंट्या पिळल्या, घोडीवर तारेखालचा दोरा पुढं-मागं सरकवून जवारी लावली, आणि छेडला. "काळी तीन," म्हणाले, "सध्या हिथं राहू दे. पुढं वर जाईल, खाली जाईल, जसा वय नेईल. आणि साहेब, तंबोऱ्याला बाई-बाप्या कळत नाही. त्याला सा कळतो."

काळी तीन! पेटीवर सप्तकात काळ्या पट्ट्या पाच. त्यातली मोजून मधली.

कन्येनं सा लावला. ओढला नाही, दाबला नाही, नुसता ठेवला, आणि तो तिथं राहिला. खर्जाची तार त्याच्याखाली जाजमासारखी पसरलेली. मग आणखी एक सा लागला. मला वाटलं तंबोऱ्याचाच. बघतो तर सौ. तिचे ओठ जेमतेम हलत होते, पण या वेळी आवाज येत होता.

परतीच्या एस. टी.त कन्या तंबोऱ्याला टेकून झोपली. तंबोऱ्याला वेगळं तिकीट पडलं, तरी सीट मिळाली नाही, म्हणून त्याला मी मांडीवर घेतलं होतं. विटा मागं टाकल्यावर सौ. खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मी नववीत होते. मलाही तेच सांगितलं होतं."

"काय?"

"तू नुसतं तोंड हलव."

मी काही बोललो नाही. करपलेली भाकरी आठवली. सतरा वर्षं ज्या बाईशी मी वाणसामान, पाहुणे, पोरीची फी, असल्या सगळ्या विषयांवर बोललो, तिनं हे एक वाक्य पोटमाळ्यावर टाकून ठेवलं होतं, आणि मला वर चढून बघायचं सुचलं नव्हतं. मधला माणूस असल्याचा एवढा टेंभा मिरवणाऱ्या मला, माझ्या शेजारी बसलेलं दुसरं मधलं माणूस दिसलं नव्हतं.

आता आमच्याकडं संध्याकाळी काळी तीनमध्ये दोघींचा रियाज असतो. फार मोठं काही होईल अशी आशा कुणाला नाही. कन्येच्या शाळेत पुन्हा संमेलन आलं तेव्हा मास्तरांकडं मी घाबरत गेलो. ते बिचारे म्हणाले, "अहो, खालच्या सुरात एक कडवं तिला एकटीलाच देऊ की. आधी का नाही सांगितलंत?" खरं होतं. आधी आम्हालाच माहीत नव्हतं.

घरातली चिमणी मात्र उडाली ती उडालीच. आमटी आता पूर्वीच्या आवाजात मागितली जाते, आणि जास्त मागितली जाते.

परवा असाच रियाज चालू असताना फोन वाजला. मी उचलला. पलीकडून कुणी घाईतला खातेदार, "वहिनी, सायबास्नी द्या जरा."

आतून सौ.चा सा येत होता. खोल, स्थिर, कुणाकडूनही उसना न आणलेला. मी घसा खाकरला नाही. म्हणालो, "थांबा हं थोडं. साहेब गातायत."